लाल ठिपका नसलेलं हरिकेन : कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

विमान घरी आलं. दादरच्या एका जुन्या संग्राहकाकडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्याशिवाय. हॉकर हरिकेन मार्क टू-सी या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल, १:७२ मापाचं, डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं. रंग उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटाचा: वरून माती आणि वाळू, खालून निळं. पंख्याचं एक पातं अर्धं तुटलंय, डाव्या चाकाचा दांडा वाकडा, शेपटीचा कोपरा घासलेला. खोका नाही म्हणून निम्म्यात मिळालं. आमच्या या नादात खोक्याला विमानाइतकाच भाव असतो. खोका, आतला प्लॅस्टिकचा साचा, क्रमांकाचं कार्ड, सगळं जागेवर असेल तर माणसं विमान बाहेरसुद्धा काढत नाहीत. मला हे कधी जमलं नाही. लोणच्याची बरणी उघडायचीच नसेल तर कैऱ्या कशाला चिरायच्या?

स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८४ ग्रॅम भरलं. आई म्हणाली, "मसाले मोजायचा काटा आहे तो, पुसून ठेव."

करायचंय काय ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. वाळवंटातला रंग पूर्ण उतरवायचा आणि हेच विमान १९४४ च्या इंफाळमधलं, इंडियन एअर फोर्सच्या एक नंबर स्क्वाड्रनचं करायचं. माझ्या कपाटात ब्रिटनच्या लढाईतली चार स्पिटफायर, दोन मेसरश्मिट १०९ आणि शार्कचा जबडा रंगवलेलं एक पी-४० आहे. भारतीय वैमानिकांनी उडवलेलं दुसऱ्या महायुद्धातलं एकही नाही. तयार मिळणाऱ्या मालात लंडनवरचं आकाश असतं, नॉर्मंडी असते, पॅसिफिक असतो. ब्रह्मदेशाची आघाडी तेव्हाही मागच्या बाकावर होती. तिथल्या चौदाव्या सैन्याला विसरलेलं सैन्यच म्हणायचे. खोक्यांच्या दुकानात ते अजून आठवलेलं नाही.

३ जून

मापं घेतली. खऱ्या हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, तेव्हा चाळिसाचे पावणेसात इंचांना जरा कमी, १६.९ सेंटिमीटर. कॅलिपरवर १६.८ आले. एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर तीन इंच. चालेल.

हे बहात्तर कुठून आले, असं शेजारच्या मुलाने विचारलं. इंग्रजी फूट-इंचाच्या हिशेबातून, दुसरं काही नाही: सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. महायुद्धात याच मापाची काळी मॉडेलं करून तोफखान्याच्या जवानांना विमानं ओळखायला शिकवत. अमेरिकेत तर १९४२ मध्ये शाळेतल्या मुलांकडून लाकडाची अशी मॉडेलं करून घेतली होती. कारण साधं होतं. वर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असे आणि चुकलं की आपल्याच माणसावर गोळी जाई. माझं सगळं काम शेवटी याच गोष्टीपाशी येणार आहे, पण ते ठिपक्यांच्या वेळी.

८ जून, रविवार

खोललं. पोटाखाली दोन स्क्रू, त्यांच्यावर प्लॅस्टिकची बुचं. बुचं सुईने उचकटली. पंख एक अख्खं ओतीव, धड दोन फाकांचं आणि मध्ये डिंक. फाका सुटायला केस वाळवायच्या ड्रायरची ऊब दिली आणि जुन्या एटीएम कार्डाची कड सारत गेलो. पाऊण तास. काचेचं झाकण म्हणजे कॅनपी चिरेल याची धास्ती होती, ती सहीसलामत निघाली. वैमानिकही निघाला. गुलाबी चेहरा, लेदरची टोपी. त्याला काडेपेटीत ठेवलाय, त्याचं वेगळं बघू.

धातूचे भाग चार, प्लॅस्टिकचे अकरा. प्लॅस्टिकचे सगळे डब्यात, डब्यावर चिठ्ठी. मागच्या वेळी चिठ्ठी नव्हती आणि एक चाक केरात गेलं होतं.

१४ जून, शनिवार

आज एक चूक थोडक्यात टळली. हार्डवेअरच्या दुकानात रंग उतरवायला काय घेऊ म्हटलं तर मालक म्हणाले, "कॉस्टिक सोडा घ्या, रात्रभर टाका, सकाळी लख्ख." लोखंडी गेटासाठी सल्ला उत्तम आहे. पण हा धातू लोखंड नाही. डायकास्टचा धातू म्हणजे जस्त, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम, तांबं. झामाक म्हणतात त्याला: झिंक, अलुमिनियम, माग्नेझियम आणि कुप्फर या जर्मन नावांची आद्याक्षरं. जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही कॉस्टिकमध्ये विरघळतात.

तरी खात्री करावी म्हणून एक मोडकी डायकास्ट गाडी टाकून पाहिली. पाच मिनिटांत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. तो हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद. तासाभराने काढली तर रंग गेला होताच, पण बॉनेटवरच्या रेषाही गेल्या होत्या. विमान रात्रभर टाकलं असतं तर सकाळी साबणाची वडी हाती आली असती.

धातूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. युद्धाआधीच्या डिंकी टॉइज या ब्रिटिश खेळण्यांमधली विमानं आज अखंड मिळणं कठीण, आणि त्याला मुलांचा धसमुसळेपणा हे एकच कारण नाही. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं की धातू वर्षानुवर्षं आतून कुजत राहतो, फुगतो, तडकतो आणि एक दिवस हातात बिस्किटासारखा तुटतो. झिंक पेस्ट म्हणतात, जस्ताची कीड. त्यावर औषध नाही. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. त्यांची १९६९ सालची, पंखा मोटरवर फिरणारी स्पिटफायर अजून ठणठणीत सापडतात, कारण तोवर शुद्ध जस्त वापरायची शिस्त आली होती. एवढं ठाऊक असूनही एखादं युद्धाआधीचं विमान दिसलं की हात शिवशिवतोच.

१५ जून, रविवार

पेंट रिमूव्हरची जेल, हातात मोजे, गॅलरीत. कारखान्याचा रंग दहा मिनिटांत दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला. जुना दातांचा ब्रश, पाणी, पुन्हा जेल. पॅनेलच्या रेषांमध्ये अडकलेला रंग टूथपिकने काढला. निळा पोटाचा थर सगळ्यात चिवट.

२२ जून, रविवार

नागडा धातू पाहिला की कारखान्याने काय काय लपवलंय ते कळतं. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवर साच्याचा सांधा, उजव्या पंखाच्या बुडाशी पुट्टी. पण धडाचा मागचा भाग बघून मन भरलं. हरिकेनचं मागचं धड कापडाचं होतं. धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड, वरून डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण. त्यामुळे तिथे बारीक उभार दिसतात, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणल्यासारखे. साचा करणाऱ्याने ते अचूक धरलेत. सिडनी कॅमने आराखडा केलेलं हे विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं तेव्हा स्पिटफायर यायला चार महिने होते. हरिकेन जुन्या दुपंखी विमानांच्या कुळातलं, अर्धं सुताराचं काम असलेलं. म्हणूनच आघाडीवरच्या धावपट्टीवर कापडाचं ठिगळ लावून ते पुन्हा उडवता येई. स्पिटफायरचं कौतुक सगळे करतात. मला हा मजूर जास्त आवडतो.

नाकाखाली हवा गाळायचा मोठा व्होक्स फिल्टर आहे. वाळवंटासाठी केलेला, पण ब्रह्मदेशातल्या धुळीसाठीही तोच वापरात होता. मॉडेलवर आहेच, म्हणजे एक काम वाचलं. सांधे कानशीने घासले, नंतर ४००, मग ८०० चा पॉलिश पेपर. बोटं काळी.

२९ जून, रविवार

घरात बसून वाचन. बाहेर पाऊस असा की समोरची इमारत दिसत नाही.

एक नंबर स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभं राहिलं, चार वापिटी विमानांवर. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात लायसँडर विमानं घेऊन लढलं, तेव्हा प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार, सगळे त्यांना 'जंबो' म्हणत. १९४४ च्या सुरुवातीला हरिकेन घेऊन इंफाळला आलं ते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंगांच्या हाताखाली. मार्चमध्ये जपानी पंधरावं सैन्य चिंदविन नदी ओलांडून आलं आणि इंफाळला वेढा पडला. या स्क्वाड्रनचं मुख्य काम टेहळणीचं. जोडीने उडायचं: एक जण खाली झाडीत पाहणार, दुसरा वर राहून त्याची पाठ राखणार. जपानी तुकड्या रात्री चालत आणि दिवसा जंगलात दडत. झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून एखादी ताजी पायवाट, धुराची रेघ, नदीकाठचे चाकांचे ठसे शोधायचे. त्या जूनमध्ये माउंटबॅटन इंफाळला आले आणि त्यांनी अर्जन सिंगांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक लावलं. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. पुढे १९६५ च्या युद्धात हेच हवाईदल प्रमुख होते.

आता ठिपके. ब्रिटिश विमानावर निळं, पांढरं आणि मध्ये लाल असं वर्तुळ असे. ते पूर्वेकडे अडचणीचं ठरलं, कारण जपानी विमानावर फक्त लाल गोळा. झाडीवरून झपाट्याने निघून जाणाऱ्या विमानाचं निळं-पांढरं डोळ्याला लागत नाही, मधलं लाल तेवढं दिसतं आणि खालचा तोफखान्याचा जवान चाप ओढतो. अमेरिकेने मे १९४२ मध्येच आपल्या ताऱ्यामधला लाल ठिपका पुसला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही लाल गेलं. पांढराही फार चमकतो म्हणून त्यात निळा मिसळला, आणि वर्तुळच लहान केलं. उरलं ते गडद निळ्या चकतीत फिकट निळा ठिपका. शेपटीवरची पट्टीही तशीच, दोन निळ्यांची.

तीन वर्षांपूर्वी मी हे पहिल्यांदा एका फोटोत पाहिलं तेव्हा छपाईचा दोष वाटला होता.

५ जुलै, शनिवार

पेणला मामांकडे. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. दीड-दोन हजार गणपती, पांढऱ्यापासून पितांबरापर्यंत सगळ्या अवस्थांतले. माझ्याकडचा छोटा कॉम्प्रेसर दम टाकायला लागलाय, म्हणून प्रायमर त्यांच्या रंग फवारायच्या गनवर मारून घ्यायचा बेत. मामांनी विमान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखाने खाजवलं. "हे शाडू नव्हे रे. ह्याला काही पीतच नाही, रंग धरणार कसा?"

नेमकं तेच. जस्तावर साधा रंग टिकत नाही, नखाने पापुद्रा निघतो. आधी एचिंग प्रायमर लागतो, त्यातलं आम्ल धातूचा पृष्ठभाग किंचित खातं आणि रंगाला पकड मिळते. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून आणलेला होताच. मामांनी गन हातात घेऊन दोन हात मारले, पहिला धुक्यासारखा, दुसरा जरा ओला. पन्नास वर्षांचा हात. मी असतो तर ओघळ आले असते.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, हे कुठल्या लढाईतलं. सांगितलं, इंफाळ, १९४४. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे नेताजींच्या फौजेच्या विरुद्धचं?"

हो. १४ एप्रिल १९४४ ला इंफाळच्या दक्षिणेला मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. त्याच महिन्यात, त्याच खोऱ्यावरून, हे हरिकेन उडत होतं आणि त्यातला माणूसही भारतीयच होता. मामांच्या माडीवर सुभाषबाबूंचा फोटो आजोबांच्या वेळेपासून आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्हीकडे आपलीच पोरं." आणि उठून गनचं नोझल धुवायला लागले.

निघताना विमान तूप काढायच्या डब्यात घालून दिलं, पावसाचं भिजू नये म्हणून.

१३ जुलै, रविवार

पाऊस. हवेत दमटपणा ९० टक्के. काही केलं नाही. तुटलेल्या पात्याला प्लॅस्टिकची चकती चिकटवून घासून आकार दिला, ते मोजायचं झालं तर मोजा.

२० जुलै, रविवार

धीर धरला नाही आणि त्याचं फळ मिळालं. सकाळी दोन तास उघडीप दिसली म्हणून पोटाचा करडा रंग मारून घेतला, वर चकचकीत लॅकर. अर्ध्या तासात सगळ्या पोटावर दुधाळ पडदा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकरमध्ये अडकतं. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी दुसऱ्याला शिकवलंही होतं. बायको म्हणाली, "ढगातून आलंय म्हणून ठेव."

उपाय: उशिरा उडणारा रिटार्डर थिनर नुसता फवारून पाहिला. पंखांवरचा पडदा विरला, धडाखालचा नाही. तेवढा भाग घासून काढला. एक रविवार गेला.

३ ऑगस्ट, रविवार

आता खोलीत, दार बंद, एसी दोन तास आधीपासून सुरू, आर्द्रता ५५ वर आली तेव्हाच गन उचलली.

वरचे रंग दोन: गडद मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. खाली समुद्री करडा. बाटलीतला रंग जसाच्या तसा मारायचा नाही, हे मॉडेलवाल्यांचं जुनं भांडण आहे. खरं विमान शंभर पावलांवरून पाहिलं तर मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो. हातभर अंतरावरच्या छोट्या मॉडेलवर मूळ रंग मारला तर ते काळं ढेकूळ दिसतं. मी दोन्हीत दहा भागांना एक भाग पांढरा घातला. तपकिरी जरा जास्तच पिवळसर वाटला. मामांना फोटो पाठवला तर उत्तर आलं: "गेरू टाक. सुईच्या टोकावर." टाकला. बसला.

हिरव्याच्या कडा किती धारदार ठेवायच्या? खऱ्या विमानावर कडेला इंच-दोन इंचांचा धूसरपणा असे. बहात्तराव्या हिश्शात तो एक मिलिमीटरही होत नाही. म्हणून चिकट पुट्टीच्या वळ्या करून त्यांच्या आडून फवारलं, कड किंचित मऊ येते. पुट्टी काढताना लहानपणी पाटीवरचा कागद उचलून खालचा ठसा बघायचो तशीच धडधड.

हातभर अंतरावरून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाळवंट पूर्ण पुसलेलं दिसलं.

१० ऑगस्ट, रविवार

ठिपक्यांचा दिवस. ही नोंद लांबणार.

तयार डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, मिळतात त्या निळ्या-पांढऱ्या-लाल. घरच्या प्रिंटरवर छापावं तर प्रिंटरला पांढरी शाई नसते. फिकट निळा गडद हिरव्यावर छापला की तो गायब होतो. तेव्हा पारदर्शक डेकल कागदावर आधी दोन्ही निळे रंग गनने फवारून वाळवले, वरून लॅकर. मग चांभाराच्या कामातले पंच: साडेपाच मिलिमीटरचा गडद निळ्याला, दोनचा फिकट निळ्याला. खाली जाड रबर, वरून एक ठोका. दोन ठोके दिले की कड फाटते. चौदा मोठ्या चकत्या पाडल्या, आठ नीट आल्या.

पाण्यात वीस सेकंद. ओल्या बोटाने सरकवायची, ब्रशने मध्य साधायचा. मोठी चकती बसवणं सोपं. तिच्यावरचा छोटा ठिपका बरोबर मध्यावर आणणं म्हणजे छळ, कारण मध्य जरा हलला की विमान तिरळं दिसतं. पंखांवर वर दोन, खाली दोन, धडावर दोन. धडावरची उजवी तीनदा उचलली. कापडाच्या उभारांवर डेकल दबून बसावं म्हणून वर व्हिनेगरचं पातळ पाणी लावलं. सुरकुत्या पडल्या, जीव वर आला, वाळल्यावर आपोआप ताणल्या गेल्या. त्या वेळात हात लावायचा नसतो. मी हातावर हात ठेवून बसलो.

शेजारचा मुलगा आला, पाहिलं, म्हणाला, "काका, भारताचं विमान ना? मग तिरंगा कुठाय?"

सांगितलं, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, तिरंगी वर्तुळ नंतर आलं.

"मग लाल?"

लाल जपान्यांसारखं दिसायचं, आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडतील म्हणून काढलं.

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे इंग्रजांचंही नाही दिसत, आपलंही नाही."

मी म्हटलं, पेन्सिल ठेव, नाहीतर टेबलाला धक्का लागेल. दुसरं काय म्हणणार?

मित्राचं म्हणणं पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे दे, फोटोत उठून दिसतील. पट्टे त्या आघाडीवर होते खरे, पण ते युद्धाच्या शेवटच्या काळातले. वेढ्यातल्या इंफाळच्या विमानावर ते घातले तर लग्नाच्या फोटोत पुढे जन्मलेली मुलं उभी केल्यासारखं होईल. नाही घातले.

आणि हे कुठलं ठरावीक विमान, अर्जन सिंगांचं वगैरे, असा माझा दावा नाही. स्क्वाड्रनमधलं एक विमान, बस. डायकास्टच्या धंद्यात नामांकित वैमानिकाशिवाय खोकं खपत नाही, त्यामुळे कपाटभर सगळेच शूरवीर. रोज सकाळी उठून झाडी बघायला जाणारा कुणी एक, हे मला पुरे आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

काडेपेटीतला वैमानिक बाहेर काढला. टोपी कापली. डोकं तीन मिलिमीटरचं. एम-सीलचे दोन भाग मळून तांदळाच्या कणीएवढा गोळा घेतला आणि ओल्या सुईने पगडी गुंडाळली. शीख वैमानिक पगडीवरूनच हेडफोन लावत. महिंदर सिंग पुज्जींनी तर इंग्लंडमधल्या रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनमध्ये पगडी बांधून हरिकेन उडवलं. हेडफोनच्या जागी दोन बाजूंना खसखशीचे दाणे चिकटवले, वर तांब्याच्या तारेचा केसभर पट्टा. पहिली पगडी झाली भोपळ्यासारखी. दुसरी बरी. चेहऱ्याचा गुलाबी गेला, दाढी आली.

कॅनपीतून यातलं फारसं दिसणार नाही. मला ठाऊक आहे तो आत आहे.

२४ ऑगस्ट

सुट्टी. गणपती बुधवारी. सजावट, फुलं, किराणा. विमान टीव्हीच्या मागे, प्लॅस्टिकच्या डब्याखाली.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज पुन्हा पेण. कारखाना ओस पडल्यासारखा, आता नवरात्रासाठी थोड्या देवी आहेत तेवढ्याच. मामा निवांत.

काम होतं कॅनपीच्या चौकटीचं. हरिकेनचा कॅनपी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची खिडकी, काचघरासारखी. प्रत्येक पट्टी पाव मिलिमीटर. टेप लावून फवारायचं म्हटलं तर बावीस तुकडे टेप कापावी लागते. मी दोनदा प्रयत्न करून दोनदा पुसलं होतं. मामांनी कानावरचा बारीक ब्रश काढला, ज्याने ते गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात तोच. आखणी दुसऱ्या कुणाकडे देत नाहीत, मुलाकडेही नाही. रंग नखावर घेतला, दोनदा ओढून पाहिला, म्हणाले, "पातळ कर अजून. भुवईला लागतो तसा." मग डावं मनगट उजव्याखाली, श्वास धरून, एक पट्टी. श्वास. दुसरी. मी कॅनपी दोन बोटांत धरून बसलो होतो आणि हात माझाच कापत होता.

चाळीस मिनिटांत झालं. दोन ठिकाणी जरा जाड आलंय, तिथे टूथपिकने खरवडता येईल. खरवडणार नाही.

पैसे विचारायची हिंमत झाली नाही. निघताना मामा म्हणाले, "तो आतला सरदार चांगला झालाय. डोळे नाहीत त्याला, पण चालतंय."

१४ सप्टेंबर, रविवार

जुनं दिसण्यापुरती घाण. या टप्प्यावर माणसं बेभान होतात, विमान भंगारातून आणल्यासारखं करतात. स्क्वाड्रनचे कारागीर रोज विमान पुसत होते, हे लक्षात ठेवायचं. एक्झॉस्टच्या मागे धडावर तपकिरी-काळी लांब फराट. २० मिलिमीटरच्या चार तोफांच्या तोंडामागे थोडी काजळी. पंखाच्या बुडाशी, जिथे वैमानिक आणि मिस्त्री चढतात, तिथे रंग झिजून धातू. तो झिजलेला रंग दाखवायला मी चंदेरी रंग लावणार होतो. मग लक्षात आलं, खाली खरा धातूच आहे. पॉलिश पेपरचा कोपरा घेऊन जरा घासलं, जस्त वर आलं. जस्ताचा राखाडी झिजलेल्या ॲल्युमिनियमला जवळचा आहे. डायकास्टचा हा एक फायदा प्लॅस्टिकवाल्यांना नाही.

चाकांवर आणि फिल्टरवर धूळ: खडूची पूड, फुंकर मारून.

पुन्हा जोडलं. स्क्रू दोन, डिंकाचे सहा थेंब. वाकडा दांडा गरम पाण्यात धरून सरळ केला, तरी डावीकडे अंशभर कललंय. कच्च्या धावपट्टीवर उतरल्यासारखं दिसतं म्हणून तसंच सोडलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पाटी. सागाच्या तुकड्यावर पितळी पत्रा, त्यावर काय कोरायचं यावर आठवडा गेला. 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असं कोरणारच होतो. पण 'रॉयल' हे बिरुद मिळालं मार्च १९४५ मध्ये, इंफाळच्या पराक्रमानंतर, आणि १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर गेलं. १९४४ ला नुसतं 'इंडियन एअर फोर्स'. कोरणाऱ्याला एका शब्दाची बचत झाली, त्याने पैसे तेवढेच घेतले.

पाटी मराठीत: हॉकर हरिकेन टू-सी, क्र. १ स्क्वाड्रन, इंडियन एअर फोर्स, इंफाळ १९४४.

२८ सप्टेंबर, रविवार

परवा चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासूनचं विमान, त्यातली शेकडो आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधलेली. गेले दोन दिवस ओळखीतले सगळे मिगच्या डायकास्टमागे लागलेत, आणि चांगली गोष्ट ही की त्यात भारतीय खुणांची सापडतात. मलाही एक हवंय. १९७१ चं, पण ते रांगेत.

रांगेत त्याआधी एक स्पिटफायर आहे. रॉयल एअर फोर्सच्या १३२ नंबर स्क्वाड्रनचं अधिकृत नाव होतं 'सिटी ऑफ बॉम्बे', चिन्हावर मागच्या पायांवर उभा बिबट्या. लोकांनी युद्धासाठी दिलेल्या वर्गणीत एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरत. रुपयाला दीड शिलिंग या तेव्हाच्या भावाने ६६ हजार रुपये आणि वर काही. मुंबईचं नाव असलेलं विमान आणि मुंबईत कुणाच्याही कपाटात नाही, हे बरं दिसत नाही. चार स्पिटफायर आहेतच घरात. त्यातल्या एकाला जेल लावायची. त्याला खोका आहे, कार्ड आहे, क्रमांक आहे. दादरच्या त्या संग्राहकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अहो, किंमत मातीत जाईल." असेल.

हरिकेन मधल्या फळीवर ठेवलंय, शार्कच्या जबड्याच्या शेजारी. पंखा बोटाने फिरवला तर तिसऱ्या फेरीला अडकतो, दुरुस्त केलेलं पातं जरा जड झालंय. ते काढून पुन्हा घासावं लागेल. डेकलच्या कागदावर दोन ठिपके शिल्लक आहेत, डबीत घालून चिठ्ठी लावली.

मामांचा निरोप: फोटो नको, दिवाळीत विमानच घेऊन ये, माडीवर ठेवून बघू.

सुभाषबाबूंच्या फोटोसमोर की बाजूला, ते त्यांनी सांगितलं नाही.